वडिलांचा एचबीएवनसी कधी ७ कधी ९, सरासरी ८ येते म्हणजे चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ६४ वर्षांचे, देवगडकडे गावाला असतात, तुम्ही डोंबिवलीला. डायबेटिस ११ वर्षं. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा. वर्षभरातले एचबीएवनसी (दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) असे: फेब्रुवारी ७.२, जून ९.१, ऑगस्ट ७.४, डिसेंबर ८.३. उपाशीपोटीची शुगर मात्र दर वेळी ११० ते १२५ च्या आत. जूनच्या रिपोर्टवर गोळीची पॉवर वाढवली, मग पावसात शेतावर असताना दुपारी चारच्या सुमारास घाम, थरथर असं दोनतीनदा झालं, आणि ऑगस्टनंतर बाबांनी मनानेच रात्रीची गोळी सोडली. तुमचं विचारणं असं की चार रिपोर्टची सरासरी ८ येते तर चालेल का, आंबा कायमचा बंद करायचा का, आणि दंडावर लावतात तो शुगर मोजणारा सेन्सर घ्यावा का.

सरासरीवर समाधान मानू नका, हे पहिलं. वर्षभर ७.८-८ वर राहणारा माणूस आणि ७ ते ९ झुलणारा माणूस यांची सरासरी सारखी आली तरी त्यांचं शरीर सारख्या गोष्टीतून जात नाही. आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला जे दिसतंय ते फार सरळ आहे हो, औषध मागच्या सीझनच्या रिपोर्टवर वाढतंय आणि लागू पडतंय पुढच्या सीझनमध्ये. आपल्या कोकणात हे इतकं होतं की मी आता रिपोर्ट हातात घेतला की आकड्याच्या आधी तारीख बघतो.

एचबीएवनसी म्हणजे काय, तर रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, जितकी साखर जास्त तितकी जास्त चिकटते, आणि लाल पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून या टेस्टमध्ये दोनतीन महिन्यांची गोळाबेरीज दिसते. पण ती गोळाबेरीज समान वाटणीची नसते, शेवटच्या एका महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. म्हणजे जूनच्या सुरुवातीला केलेली टेस्ट मुख्यतः मे महिना सांगते. मे महिन्यात देवगडात काय चालू असतं ते मी तुम्हाला सांगायला नको, घरात आंब्याच्या अढ्या, मुंबईहून आलेली पोरंबाळं, दुपारी रस, संध्याकाळी फणसाचे गरे, लग्नं, आणि उन्हामुळे काम कमी. ९.१ म्हणजे सरासरी शुगर साधारण २१४ धरा. मग पाऊस लागतो, लावणी सुरू होते, माणूस सकाळी सातपासून चिखलात वाकून उभा, पोटात फक्त पेज आणि लोणचं. स्नायू साखर खेचून घेतायत, आंबा संपलाय, आणि नेमकी त्याच वेळी मे महिन्याची शुगर बघून वाढवलेली ग्लिमेपिराइड, म्हणजे त्या एकत्र गोळीतलं शुगर खाली पाडणारं औषध, पोटात. चार वाजता घाम फुटणार नाहीतर काय होणार.

त्या चार वाजताच्या प्रसंगाकडे जरा जवळून बघा कारण सगळा झुला तिथूनच हलतो. शुगर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, आणि भूक अशी लागते की समोर दिसेल ते खावंसं वाटतं. माणूस बांधावरून घरी येतो, दोन कप साखरेचा चहा, चार बटर, वर फरसाण, आणि भीती बसलेली असते म्हणून रात्री भात नेहमीपेक्षा जास्त. शरीर पण आपल्या परीने लिव्हरमधली साखर सोडत असतं. रात्री दहाला मोजली तर २८०. घरचे म्हणतात बघा शुगर वाढली, आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना फक्त २८० सांगितलं जातं, घाम आलेला सांगायचा राहून जातो. मग गोळी अजून वाढते नाहीतर माणूस घाबरून स्वतःच सोडतो. तुमच्या बाबांनी दुसरं केलं, आणि त्यातच दिवाळी, तुळशीचं लग्न, भात कापून झोडून झाल्यावर कमी झालेलं काम, तिथून डिसेंबरचा ८.३ आला असा माझा अंदाज आहे. त्यांना ओरडू नका, त्यांनी शरीराचं ऐकलं, फक्त डॉक्टरांना कळवायला हवं होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा. त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते आतड्यात साखरेचं आणि स्टार्चचं पचन हळू करतं, त्यासाठीच देतात. त्यामुळे शुगर खाली गेल्यावर साखर, गूळ, लाडू, गोड चहा दिला तर तो वेळेत चढत नाही. त्यांना ग्लुकोज पावडरच लागते, मेडिकलवर डब्यात मिळते ती, चहाचे तीन चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. जरा बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. एक पुडी शेतावर प्लास्टिकमध्ये बांधून खिशात राहू दे. माणूस गिळू शकत नसेल, गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात. आणि ग्लिमेपिराइडमुळे शुगर एकदा उतरली की काही तासांनी परत उतरू शकते म्हणून त्या रात्री झोपायच्या आधी एकदा मोजा.

आता या चढउतारामुळे लांबच्या काळात काय होतं याबद्दल. एकूण शुगर आटोक्यात ठेवण्याचा फायदा पक्का आहे त्यात वाद नाही, अमेरिका-कॅनडातला डीसीसीटी हा अभ्यास १९९३ साली आला, टाइप १ वाल्यांचा (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं), आणि इंग्लंडचा यूकेपीडीएस १९९८ साली, टाइप २ वाल्यांचा (तुमच्या वडिलांसारखा, सहसा मोठेपणी होणारा डायबेटिस), दोन्हीत डोळे, किडनी, नसा यांचं नुकसान कमी झालेलं दिसलं, आणि सुरुवातीच्या वर्षांत नीट ठेवलेल्या शुगरचा फायदा पुढे कित्येक वर्षं टिकला. चढउताराचं वेगळं मोजमाप नंतर सुरू झालं. २००९ साली फिनलंडमधल्या टाइप १ पेशंटचा अभ्यास आला त्यात ज्यांचा एचबीएवनसी व्हिजिटगणिक जास्त हलत होता त्यांच्यात किडनीचा आणि हृदयाचा त्रास जास्त दिसला, सरासरी हिशेबात धरून सुद्धा. नंतर टाइप २ मध्येही असं दिसलंय. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे नातं आहे, कारण म्हणून शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही, कारण ज्याची शुगर हलते तो कदाचित गोळ्या चुकवतो, मध्येच आजारी पडतो, त्याचाही वाटा असणार. माझ्या दृष्टीने हलणारा आकडा ही खूण आहे की कुठेतरी औषध आणि जगणं यांची गाठ बसलेली नाही, आणि ती गाठ बसवता येते.

दुसऱ्या टोकाचंही सांगतो. घाईने खाली ओढायचं नाही. अमेरिकेतला ॲकॉर्ड अभ्यास, त्यात हृदयाचा धोका असलेल्या टाइप २ वाल्यांची शुगर एकदम कडक, एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न होता, आणि त्या गटात मृत्यू जास्त दिसल्यामुळे २००८ साली तो भाग थांबवावा लागला. तसंच बराच काळ ९-१० वर असलेला माणूस दोन महिन्यांत ६.५ वर आणला तर डोळ्याच्या पडद्याचा त्रास काही जणांत तात्पुरता वाढतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यायचे. वडिलांचे डोळे शेवटचे कधी तपासले ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाहुली मोठी करून पडदा बघतात ती तपासणी म्हणतोय, चष्म्याचा नंबर नव्हे. ६४ वय, ११ वर्षांचा आजार आणि शुगर उतरण्याचा त्रास होतोय, अशा माणसाचा एचबीएवनसी वर्षभर ७.३ ते ७.६ मध्ये राहिला तर मी अगदी समाधानी असेन.

उपाशीपोटीची नॉर्मल येते याचा काय अर्थ? सरासरी २१४ आणि उपाशी १२०, म्हणजे बहुतेक जेवणानंतर कुठेतरी २८०-३०० होत असणार. शिवाय आपल्याकडे टेस्टच्या आधी चारपाच दिवस कडक पथ्य पाळायची पद्धत आहे, भात बंद, गोड बंद, त्याने उपाशीची शुगर छान येते. एचबीएवनसी असा चारपाच दिवसांत फारसा हलत नाही. फक्त उपाशीची बघून कोणी बिनधास्त राहू नये, विशेषतः आपण भात खाणारी माणसं.

एचबीएवनसी पण चुकू शकतो हे लक्षात असू द्या. लोह कमी असलेल्या ॲनिमियात तो खोटा जास्त येतो, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर खोटा कमी येतो, किडनीच्या आजारातही घोळ होतो. म्हणून त्यासोबत एकदा हिमोग्लोबिन आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करून घ्या. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, एक गावात आणि एक डोंबिवलीला असं नको.

घरच्या मशीनबद्दल. आंब्याच्या दिवसात माझ्याकडे फोन येतात की अचानक ३५०, ४०० दाखवतंय. पहिला प्रश्न मी विचारतो, आंबा कापलात का हाताने? बोटाला लागलेला रस वाळला की दिसत नाही पण त्यातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मशीन ती पण मोजतं. हात साबणाने धुवून, कोरडे करून परत मोजलं की कित्येकदा १८०-१९० निघते. सॅनिटायझर चोळून भागत नाही, साबण आणि पाणीच हवं. फणस सोलताना, मोदकाचं सारण ढवळताना पण हेच. दुसरं, पट्ट्यांची डबी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की मीठ डब्यात पाणी सोडतं, पट्ट्या त्याच हवेत उघड्या राहिल्या तर बिघडतात. एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट, आणि डबी चुलीजवळ किंवा खिडकीत नको.

मोजायचं कसं, तर रोज सकाळी उपाशीपोटी एकच मोजण्यापेक्षा जोडीने मोजा. आज दुपारच्या जेवणाआधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, उद्या रात्रीचं तसं, परवा नाश्त्याचं. आठवड्याभरात कुठलं जेवण शुगर उडवतंय ते स्वतःलाच दिसतं, आणि एकदा डोळ्याने दिसलं की माणूस आपणहून ऐकतो. माझे पेशंट म्हणतात, "भात खावचो नाय तर काय खावचा?" मी भात बंद करायला सांगतच नाही. मध्यम वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४० ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, ताटात तीन वाट्या असतील तर एक-दीडवर आणा. उकडा तांदूळ पॉलिश केलेल्यापेक्षा बरा, शुगर जरा सावकाश चढवतो, पण उकडा आहे म्हणून डोंगर वाढून घेतला तर उपयोग नाही. आधी भाजी, उसळ, मासे खायचे आणि भात शेवटी, या साध्या क्रमबदलाने जेवणानंतरचा चढ बऱ्यापैकी कमी होतो. बांगडा, तारली, सुरमई याने शुगर चढत नाही. सोलकढी चालेल, कोकम सरबत साखरेचं असतं ते नको. जेवून झाल्यावर खळ्यात दहा-पंधरा मिनिटं चालायचं, लगेच आडवं व्हायचं नाही. पावसात पडवीत फेऱ्या मारा.

आंबा. कायमचा बंद करू नका, देवगडातल्या माणसाला ते जमणार नाही आणि बंद केलेला आंबा चोरून खाल्ला जातो, त्याचा हिशेब राहत नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम साखर धरा. अर्धा हापूस, कापून, चावून, सकाळी दहा-अकराला किंवा जेवणात भाताची अर्धी वाटी कमी करून. रस नको, कारण वाटीभर रसात दीड-दोन आंबे सहज जातात आणि वर पुरी. साठ, म्हणजे आंबापोळी, तर अजिबातच नको. खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा, १८० च्या आत असेल तर चालू ठेवा, २५० जात असेल तर तो दिवस गेला समजा आणि मात्रा कमी करा. चतुर्थीत दोन मोदक, पण त्या जेवणातला भात सोडून. गुळाचे आहेत म्हणून चालतात असं नाही, रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर एकच. चतुर्थीत खरा त्रास भजनांचा असतो, रात्री बारा-एकला उसळ-पाव आणि चहा, जेवणाची वेळ पुढे, सकाळी उठायला उशीर, गोळीची वेळ चुकते. ग्लिमेपिराइडची गोळी जेवणाशी बांधलेली असते, घड्याळाशी नाही. जेवण नाही तर ती गोळी नाही, उपासालाही हेच. श्रावणात, संकष्टीला, रमजानच्या रोजांना कुणी गोळी घेऊन उपाशी राहू नये, आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वडिलांच्या डॉक्टरांशी बोलायचं ते. वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा. लावणी कधी, कापणी कधी, आंबा कधी, चतुर्थी कधी, तुम्ही मुंबईकर कधी येता. आणि विचारा की लावणीच्या आधी ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, किंवा तिच्याऐवजी शुगर एकदम खाली न पाडणारी गोळी जमेल का. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गटाच्या गोळ्या आता स्वस्त झाल्यात, त्याने एकट्याने शुगर सहसा ७० खाली जात नाही. डापाग्लिफ्लोझिन पण चांगलं औषध आहे, किडनी आणि हृदयाला फायदा आहे, पण लघवीवाटे साखर आणि पाणी जातं, म्हणून उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद असेल तर ते थांबवायचं असतं, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. एकत्र गोळीची अडचण अशी की तिघांतलं एकच कमी करता येत नाही, तेव्हा काही महिने वेगवेगळ्या गोळ्या घ्यायला लागल्या तरी घ्या. मनाने काही बदलू नका.

चिखलात काम करताना पायाची काळजी, हे शुगरचंच एक अंग आहे. नसा बधिर झालेल्या पायाला जांभ्याची कपची लागलेली कळत नाही. गमबूट घाला, संध्याकाळी पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करून बघा. पावसात ताप आला तर अंगावर काढू नका, आपल्याकडे लेप्टो (पावसातल्या घाण पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आहे, आणि कुठल्याही तापात शुगर उसळते. गुडघ्यात किंवा दम्यासाठी स्टेरॉइड घेतलं तरी शुगर वाढते, तो रिपोर्ट बघून कायमची गोळी वाढवायची नसते.

तुमचे वडील इन्सुलिनवर नाहीत पण वाचणाऱ्यांत असतील म्हणून दोन शब्द. शुगर विनाकारण वरखाली होत असेल तर पोटावर बोटं फिरवून बघा, रोज एकाच जागी टोचून तिथे मऊ रबरासारखी गाठ होते, त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. जागा बदला, पण जागा बदलली की तेच युनिट जास्त लागू पडू शकतात, तेव्हा पहिले काही दिवस जास्त वेळा मोजा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन ४० युनिटचं असतं त्याला लाल टोपीची सिरिंज, नारिंगी टोपीची १०० युनिटवाली असते, ती अदलाबदल झाली की डोस अडीच पट इकडे तिकडे. जे इन्सुलिन मुळातच गढूळ असतं ते तळहातात हलकेच फिरवून एकसारखं करूनच भरायचं. आणि लाइट जाणं, २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात आणि २०२१ च्या तौक्तेत आपल्याकडे दिवसच्या दिवस लाइट नव्हती. फ्रीज बंद पडला तर बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवा, बर्फाला चिकटवून ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

सेन्सर घ्यावा का? हो, पण बारा महिने लावून ठेवायची त्यांना गरज नाही. बहुतेक सेन्सर दोन आठवडे चालतो, काही हजार खर्च आहे. एक मे महिन्यात लावा आणि एक लावणीत, जुलैमध्ये. त्यात टाइम इन रेंज बघा, म्हणजे दिवसाचा किती वेळ शुगर ७० ते १८० मध्ये होती, साधारण ७० टक्क्यांच्या वर असावा, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी. वय जास्त, तब्येत नाजूक असेल तर हे नियम सैल करतात पण ७० खालचा वेळ मात्र आणखी कमी, १ टक्क्याच्या आत हवा. त्याच रिपोर्टात सीव्ही म्हणून एक टक्केवारी असते, चढउतार किती याची, ती ३६ च्या आत बरी. रात्री सेन्सरच्या हातावर झोपले तर खोटी कमी शुगर दाखवतो, पहाटे तीनला ५५ दिसली म्हणून घाबरून जाऊ नका, बोटातून एकदा मोजून घ्या. आणि त्या दोन आठवड्यांत त्यांना नेहमीसारखंच जगू द्या, पथ्य वाढवायला लावू नका. कागदावर फक्त चार गोष्टी लिहा, जेवणाची वेळ, गोळीची वेळ, शेतावर होते का घरी, आणि घाम आला का. मे आणि जुलैचे दोन्ही कागद एकत्रच डॉक्टरांपुढे ठेवा, पुढच्या वर्षीचा डोस त्यावरून ठरवता येईल.